डेस्कटॉप प्रोग्रामचे मेनू, ॲक्शन आणि जतन केलेल्या सेटिंग्ज: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

इंदूरमध्ये मराठी मंडळींची वाचनालये, भिशी मंडळे, गणेशोत्सव समित्या आणि छोट्या पेढ्या पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी अनेकांचा कारभार अजून वहीत किंवा वर्षानुवर्षे फुगत गेलेल्या एखाद्या एक्सेल फायलीत चालतो. घरात कोणी संगणकशास्त्र शिकत असेल, तर "आम्हाला एक छोटासा प्रोग्राम करून दे" असे म्हणत कोणी ना कोणी काका दारात उभे राहतातच. खिडकी, तिच्यातील रकाने आणि बटणे एवढे तर शिकवणीतून येते. पण मेनू कसा रचावा, एकच काम मेनू, टूलबार आणि कीबोर्ड अशा तिन्ही वाटांनी कसे चालवावे, आणि वापरणाऱ्याने केलेली निवड दुसऱ्या दिवशी कशी लक्षात ठेवावी, हा भाग बहुधा शेवटी घाईघाईने ठिगळासारखा जोडला जातो. हा लेख त्या भागापुरता आहे.

उदाहरण म्हणून मी रामबागेच्या बाजूच्या एका छोट्या मराठी वाचनालयासाठी लिहिलेला देवघेवीचा प्रोग्राम घेतो. तो पायथन भाषेत, क्यूट या खिडक्या, मेनू आणि बटणे बनवण्याच्या तयार संचावर आणि तो संच पायथनमधून वापरू देणाऱ्या पायसाइड ६ या जोडणीतून लिहिलेला आहे. क्यूट मूळचा नॉर्वेमधील ट्रोलटेक या कंपनीचा. त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९५ साली आली आणि सहावी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये. इतकी वर्षे मुरलेला संच असल्यामुळे मेनू आणि सेटिंग्जचे बहुतेक प्रश्न त्यात आधीच सोडवलेले आहेत, आणि नवशिक्याने तेच प्रश्न पुन्हा स्वतःच्या हाताने सोडवू नयेत असा माझा आग्रह आहे. खाली वर्गांची आणि फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीतच लिहायची आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी पुढील गोष्टी जवळ असू द्या:

- विंडोज १० किंवा त्यानंतरचा संगणक, कारण क्यूट ६ त्याखालील विंडोजवर चालत नाही
- पायथन ३, आणि प्रकल्पासाठी वेगळे आभासी वातावरण (या प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा)
- पिप (पायथनचे संच उतरवून बसवणारे साधन) वापरून बसवलेले पायसाइड ६
- कोड लिहिण्यासाठी कोणताही एडिटर
- मराठी टंकनासाठी इन्स्क्रिप्ट किंवा तुमच्या सवयीचा दुसरा कीबोर्ड
- एक कागद आणि पेन. पहिल्या पायरीला एवढेच पुरते

पहिल्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. सिल्व्हर मॉलमधून कधीकाळी घेतलेला जुना संगणक वाचनालयाला कोणीतरी भेट दिलेला असतो आणि त्यावर विंडोज ७ असू शकते. तसे असेल तर पायथन ३.८ आणि क्यूट ५.१५ यांच्यापुढे जाता येत नाही, कारण पायथन ३.९ पासून विंडोज ७ चा आधार काढून घेतला आहे. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी ज्या यंत्रावर प्रोग्राम चालणार आहे ते यंत्र स्वतः जाऊन पाहा; फोनवर विचारले तर "नवाच आहे" असे उत्तर मिळते.

आणखी एक निवड सुरुवातीलाच करावी लागते. पायथनमधून क्यूट वापरण्याच्या दोन प्रचलित जोडण्या आहेत: पायसाइड आणि पायक्यूट. दोन्हींचा कोड जवळजवळ सारखा दिसतो, परंतु पायक्यूट जीपीएल (ज्यात प्रोग्राम देताना त्याचा स्रोतही द्यावा लागतो) किंवा विकत घेतलेल्या परवान्याखाली मिळते, तर पायसाइड एलजीपीएल (ज्यात काही अटींवर स्वतःचा स्रोत न देताही चालते) परवान्याखालीही मिळते. उद्या हाच प्रोग्राम स्रोत न देता एखाद्या पेढीला विकायचा विचार असेल, तर हा फरक आजच समजून घेतलेला बरा.

१. आधी कामांची यादी कागदावर करा

कोड उघडण्यापूर्वी, वापरणारा माणूस प्रोग्रामकडून जी जी कामे करून घेणार आहे त्या सगळ्यांची यादी क्रियापदांनी लिहा. वाचनालयाच्या बाबतीत ती अशी झाली: नवे पुस्तक नोंदवणे, नवा सभासद नोंदवणे, पुस्तक देणे, पुस्तक परत घेणे, थकलेल्या पुस्तकांची यादी दाखवणे, वर्षाची नोंदवही उघडणे, जतन करणे, छापणे, अक्षरे मोठी करणे, बाहेर पडणे.

मग प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: ते कधी करता येते आणि कधी येत नाही, त्याला शॉर्टकट हवा का, ते दिवसातून वारंवार लागते का, आणि त्याची स्थिती उद्यापर्यंत लक्षात ठेवायची आहे का. वारंवार लागणारी कामे टूलबारवर जातात, सगळीच्या सगळी कामे मेनूमध्ये जातात, आणि शेवटच्या प्रश्नाला ज्यांचे उत्तर "हो" आहे ती सेटिंग्जमध्ये जातात. पुढच्या सर्व पायऱ्या या कागदावरून चालतात. ज्यांनी ही पायरी गाळली त्यांच्या कोडमध्ये जतन करण्याचे काम तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेले मी पाहिले आहे.

२. प्रत्येक कामासाठी एकच ॲक्शन बनवा

क्यूटमध्ये कामाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या वस्तूला क्यूॲक्शन म्हणतात. तिच्यात कामाचे नाव, चिन्ह, शॉर्टकट, खालच्या स्टेटस बारवर दिसणारी ओळ, ते काम सध्या करता येते की नाही, आणि ते चालू-बंद अशा स्वरूपाचे असेल तर सध्या चालू आहे की बंद, एवढे सगळे एकत्र राहते. ही एकच वस्तू मेनूलाही द्यायची आणि टूलबारलाही द्यायची. मेनू, टूलबार आणि कीबोर्ड ही एकाच खोलीची तीन दारे आहेत. खोली एकच बांधायची. असे केले की "पुस्तक परत घ्या" हे काम एका ठिकाणी बंद केल्यावर मेनूत, टूलबारवर आणि शॉर्टकटमध्ये आपोआप बंद होते, आणि त्यासाठी तुम्हाला वेगळी ओळ लिहावी लागत नाही.

जुने धडे वाचून लिहिणाऱ्यांची पहिली अडचण इथेच होते. क्यूट ५ मध्ये क्यूॲक्शन हा वर्ग क्यूटविजेट्स या भागात होता. क्यूट ६ मध्ये तो क्यूटगुई या भागात हलवला आहे, आणि क्यूॲक्शनग्रुपही त्याच्याबरोबर गेला आहे. त्यामुळे "नाव सापडत नाही" अशी त्रुटी आली तर कोड तपासण्याआधी आयातीची ओळ तपासा.

ॲक्शन निवडली गेल्यावर काय व्हावे हे तिच्या ट्रिगर्ड या सिग्नलला, म्हणजे काही घडल्याची क्यूट जी खबर देतो तिला, कनेक्ट वापरून फंक्शन जोडून सांगतात. येथे तीन सापळे आहेत, आणि तिन्ही इतके सर्वसामान्य आहेत की ते सविस्तर सांगतो.

पहिला: कनेक्टच्या कंसात फंक्शनचे फक्त नाव द्यायचे असते. नावापुढे रिकामे कंस लावले तर फंक्शन तिथल्या तिथे चालते, आणि प्रोग्राम सुरू होताच जतन करण्याची चौकट समोर येते.

दुसरा: ट्रिगर्ड हा सिग्नल आपल्याबरोबर खरे-खोटे अशी एक किंमत पाठवतो. तुमच्या जतन करणाऱ्या फंक्शनला फायलीचे नाव हा ऐच्छिक घटक असेल, तर त्या जागी नावाऐवजी "खोटे" ही किंमत जाऊन बसते आणि मग फायलीचे नाव मजकूर नाही अशी तक्रार येते. यावर उपाय म्हणजे ॲक्शनला जोडण्यासाठी एक वेगळे, कोणताही घटक न घेणारे छोटे फंक्शन लिहायचे आणि त्यातून खऱ्या फंक्शनला हाक मारायची.

तिसरा: ॲक्शन बनवताना तिला खिडकी ही पालक म्हणून दिली नाही आणि सेल्फमध्येही (म्हणजे खिडकीच्या वस्तूतच) ठेवली नाही, तर फंक्शन संपताच पायथन ती वस्तू कचरा समजून काढून टाकू शकतो. मेनूत ती घातली होती, कोडमध्ये ओळ दिसते आहे, पण पडद्यावर ती नाही, आणि त्रुटीही येत नाही. म्हणून प्रत्येक ॲक्शनला पालक द्याच.

३. मेनूची रचना

क्यूमेनविंडो हा मुख्य खिडकीचा वर्ग वापरला की मेनूबार, टूलबार आणि स्टेटस बार यांच्या जागा तयार मिळतात. मेनूंचा क्रम रूढ आहे तसाच ठेवा: फाइल, संपादन, दृश्य, साधने, मदत. वाचनालयाच्या प्रोग्राममध्ये मी संपादनानंतर "देवघेव" असा एक मेनू घातला, कारण तेथील कार्यकर्त्यांचे नव्वद टक्के काम तेवढेच असते. स्वतःची कल्पकता दाखवण्याची ही जागा नव्हे. माणसाने दुसऱ्या प्रोग्राममध्ये जिथे "छापा" पाहिले असेल तिथेच तो येथेही शोधणार.

मेनूतील नावे आज्ञार्थी आणि छोटी ठेवा. ज्या कामापूर्वी आणखी माहिती विचारावी लागते, त्या नावापुढे तीन टिंबे द्यायची पद्धत आहे. "नवा सभासद…" पुढे टिंबे हवीत, कारण चौकट उघडते. "जतन करा" पुढे नकोत. एकाच जातीची कामे एकत्र ठेवून मध्ये ॲडसेपरेटर या फंक्शनने बारीक रेघ घाला.

आता मराठी मेनूची खास अडचण. इंग्रजी मेनूमध्ये अक्षराच्या आधी ॲम्परसँड हे चिन्ह लावले की ते अक्षर अधोरेखित होते आणि आल्ट कळीबरोबर ते दाबून मेनू उघडता येतो. मराठीत "फाइल" या शब्दाच्या आधी ते चिन्ह लावले तर आल्ट आणि फ अशी जोडी तयार होते, जी रोमन कीबोर्ड चालू असताना दाबताच येत नाही. चिनी आणि जपानी मेनूंमध्ये नावापुढे कंसात एक रोमन अक्षर देऊन त्याला चिन्ह लावतात. तीच पद्धत मराठीतही नीट चालते. दिसायला ती थोडी वेडीवाकडी वाटते, पण माऊस बिघडलेल्या दिवशी तिची किंमत कळते. नावातच ते चिन्ह हवे असेल, उदाहरणार्थ एखाद्या पेढीच्या नावात, तर ते दोनदा लिहावे लागते.

आणि प्रोग्राम मॅकवरही चालणार असेल तर आणखी एक गोष्ट. मॅकवर "विषयी", "सेटिंग्ज" आणि "बाहेर पडा" या तीन गोष्टी प्रोग्रामच्या नावाच्या मेनूत असाव्या लागतात, आणि क्यूट त्या तेथे आपणहून हलवतो. परंतु कोणत्या हलवायच्या हे तो इंग्रजी नावांवरून ओळखतो. तुमची नावे मराठी असल्यामुळे ही ओळख पटत नाही. अशा वेळी त्या ॲक्शनांना सेटमेनूरोल वापरून त्यांची भूमिका स्पष्ट सांगा.

४. शॉर्टकट

नवे, उघडा, जतन करा, छापा, पूर्ववत करा यांसाठी कळा स्वतः लिहू नका. क्यूकीसीक्वेन्समध्ये यांची प्रमाण नावे आहेत आणि ती वापरली की त्या त्या प्रणालीवरील रूढ कळा आपोआप लागतात. मात्र प्रमाण नावाला प्रत्येक प्रणालीवर कळ असतेच असे नाही: विंडोजवर "बाहेर पडा" आणि "नव्या नावाने जतन करा" यांना प्रमाण कळ नाही, त्यामुळे हवी असल्यास ती तुम्हालाच द्यावी लागते.

एकच शॉर्टकट दोन ॲक्शनांना दिला गेला तर दोन्हींपैकी एकही चालत नाही. टर्मिनलवर शॉर्टकट संदिग्ध असल्याची एक ओळ उमटते, आणि टर्मिनल उघडे नसेल तर तीही दिसत नाही. प्रोग्राम वाढत जातो तसे हे हमखास घडते. म्हणून पहिल्या पायरीतील कागदावर शॉर्टकटचा रकाना भरत राहा.

चाचणी दोनदा करा: एकदा रोमन कीबोर्ड चालू असताना आणि एकदा मराठी कीबोर्ड चालू असताना. तुमचा वापरकर्ता सभासदाचे नाव मराठीत टंकून लगेच कंट्रोल आणि एस दाबणार आहे. तो आधी कीबोर्ड बदलणार नाही.

५. कोणते काम केव्हा करता येईल

यादीत पुस्तक निवडलेले नसताना "पुस्तक द्या" हे काम फिकट दिसायला हवे. यासाठी सगळ्या कोडभर सेटइनेबल्ड (ॲक्शन उपलब्ध किंवा फिकट करणारे फंक्शन) विखरून टाकू नका. स्थिती अद्ययावत करणारे एकच फंक्शन लिहा, त्यात प्रत्येक ॲक्शनची अट एका ओळीत लिहा, आणि निवड बदलली, फाइल उघडली किंवा नोंद जतन झाली की ते फंक्शन चालवा. फाइल बदलली आहे पण जतन केलेली नाही हे दाखवण्यासाठी शीर्षकात चौकटी कंसात तारका लिहा आणि सेटविंडोमॉडिफाइड वापरा. तारका कधी दाखवायची आणि कधी लपवायची ते क्यूट पाहतो.

६. चालू-बंद आणि एकच-निवडा प्रकारची कामे

वाचनालयात सकाळी बसणाऱ्या काकूंना मोठी अक्षरे लागतात आणि संध्याकाळी येणाऱ्या कॉलेजच्या मुलाला तीच अक्षरे खुपतात. म्हणून दृश्य मेनूत "अक्षरे" असा उपमेनू केला आणि त्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन ॲक्शन ठेवल्या. तिघी चेकेबल, म्हणजे खूण लावता येणाऱ्या, आहेत आणि एका क्यूॲक्शनग्रुपमध्ये आहेत, त्यामुळे एक निवडली की दुसऱ्यांची खूण आपोआप निघते. प्रत्येकीच्या सेटडेटामध्ये अक्षरांचा आकार ठेवला आहे: ११, १४, १८. तिघींच्या टॉगल्ड सिग्नलला एकच फंक्शन जोडले आहे, आणि ते खूण असलेल्या ॲक्शनमधून हा आकडा काढून संपूर्ण प्रोग्रामचा फाँट बदलते. देवनागरीसाठी विंडोजवर निर्मला यूआय हा फाँट असतोच. यादीच्या ओळींची उंची मात्र आकड्यात बांधू नका, नाहीतर मोठ्या आकारात मात्रा आणि रफार वरून कापले जातात.

येथे ट्रिगर्ड आणि टॉगल्ड यांतील फरक नीट समजून घ्या. ट्रिगर्ड माणसाने निवड केल्यावर येतो. टॉगल्ड स्थिती कोणत्याही कारणाने बदलली तरी येतो, म्हणजे तुमच्याच कोडने सेटचेक्ड वापरले तरीसुद्धा. माझा नियम असा आहे की दिसणारा परिणाम टॉगल्डला जोडायचा आणि सेटिंग लिहिणे ट्रिगर्डला. असे केल्याने प्रोग्राम सुरू होताना जुनी सेटिंग वाचून खूण लावली की परिणाम घडतो, पण वाचलेली किंमत पुन्हा लिहिली जात नाही.

७. सेटिंग्ज: काय ठेवायचे आणि कुठे

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा. पुस्तकांच्या आणि सभासदांच्या नोंदी ही माहिती आहे. ती तिच्या स्वतःच्या फायलीत किंवा डेटाबेसमध्ये राहते. खिडकीचा आकार, अक्षरांचा आकार, शेवटची उघडलेली फाइल या वापरणाऱ्याच्या आवडी आहेत; त्या सेटिंग्जमध्ये राहतात. पासवर्ड या दोन्हींत येत नाही, आणि सेटिंग्जमध्ये तर मुळीच नाही, कारण तेथील मजकूर कोणीही उघडून वाचू शकतो. कसोटी सोपी आहे: सेटिंग्ज पूर्ण पुसल्या गेल्या तर वाचनालयाचे नुकसान व्हायला नको, फार तर काकूंना अक्षरे पुन्हा मोठी करावी लागावीत.

क्यूसेटिंग्ज हा वर्ग या आवडी प्रणालीला योग्य अशा जागी ठेवतो: विंडोजवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या कोठारात, चालू वापरकर्त्याच्या सॉफ्टवेअर या शाखेखाली, लिनक्सवर घरच्या फोल्डरातील लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात, आणि मॅकवर लायब्ररीतील प्रेफरन्सेस या फोल्डरात. जागेचे नाव तुम्ही दिलेल्या संस्थेच्या आणि प्रोग्रामच्या नावावरून ठरते. ही दोन्ही नावे प्रोग्राम सुरू होताच, पहिली क्यूसेटिंग्ज वस्तू बनण्यापूर्वी, सेटऑर्गनायझेशननेम आणि सेटॲप्लिकेशननेम यांनी द्या, रोमन अक्षरांत द्या, आणि एकदा दिल्यावर बदलू नका. नाव बदलले की जुन्या सेटिंग्ज जागच्या जागी राहतात, परंतु प्रोग्रामला त्या दिसत नाहीत, आणि वापरणाऱ्याला वाटते की सगळे पुसले गेले.

रजिस्ट्री नको असेल तर आयएनआय स्वरूपाची, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल निवडता येते. शिकण्याच्या काळात मी तीच सुचवतो, कारण ती नोटपॅडमध्ये उघडून काय लिहिले गेले ते डोळ्यांनी पाहता येते. क्यूट ६ मध्ये ही फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहिली जाते, त्यामुळे मराठी किंमती सुखरूप राहतात. क्यूट ५ मध्ये त्यासाठी कोडेक, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, वेगळा सांगावा लागत असे. किल्ल्यांची, म्हणजे ज्या नावांखाली किंमती ठेवल्या जातात त्यांची, नावे मात्र साध्या रोमन अक्षरांतच ठेवा, लहान-मोठी अक्षरे काटेकोर पाळा, आणि तिरपी रेघ फक्त गट दाखवण्यासाठी वापरा.

८. वाचताना होणारे घोटाळे

सेटिंग्ज लिहिणे सोपे आहे; घोटाळे सगळे वाचताना होतात. साठवलेली किंमत परत येते तेव्हा ती बहुधा मजकूर म्हणून येते. तुम्ही "खोटे" लिहिले होते, वाचताना इंग्रजी अक्षरांत लिहिलेला "फॉल्स" हा पाच अक्षरी मजकूर मिळतो, आणि रिकामा नसलेला प्रत्येक मजकूर पायथनच्या दृष्टीने "खरे" असतो. परिणाम असा की टूलबार बंद करून ठेवणाऱ्याला तो रोज उघडाच सापडतो. व्हॅल्यू या फंक्शनला तीन गोष्टी नेहमी द्या: किल्लीचे नाव, किंमत नसल्यास वापरायची मूळ किंमत, आणि टाइप. आकड्यांनाही हाच नियम.

याद्यांचा घोटाळा याहून फसवा आहे. अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी जशीच्या तशी साठवली, तर दोन किंवा अधिक फायली असताना सर्व सुरळीत चालते. यादीत एकच फाइल असेल तेव्हा मात्र आयएनआयमधून यादीऐवजी नुसता मजकूर परत येऊ शकतो, आणि त्यावर फेरा चालवला की मेनूमध्ये फायलीच्या पत्त्यातील एकेक अक्षर वेगळ्या ओळीवर उभे राहते. चाचणी करणाऱ्याच्या यंत्रावर फायली पुष्कळ असतात, म्हणून हे त्याला दिसत नाही. पहिल्यांदा वापरणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी दिसते. यादी जेसन (याद्या मजकुरात लिहिण्याचे एक प्रमाण स्वरूप) मजकूर करून साठवणे हा मला सर्वांत कमी कटकटीचा उपाय वाटतो.

९. अलीकडील फायलींचा मेनू

आमच्या वाचनालयात दर आर्थिक वर्षाची नोंदवही वेगळी असल्यामुळे एप्रिल महिन्यात जुनी आणि नवी वही आलटून पालटून उघडावी लागते, आणि हा मेनू तेव्हा फार उपयोगी पडतो. तो अबाउटटूशो या सिग्नलवर, म्हणजे मेनू उघडण्याच्या क्षणी, नव्याने भरावा. फाइल पेनड्राइव्हवर असेल आणि पेनड्राइव्ह लावलेला नसेल, तर ती ओळ काढून टाकू नका, फिकट करा. उद्या तो परत लावला जाईल.

फेऱ्यात प्रत्येक फायलीसाठी लॅम्डा (एका ओळीचे बिननावाचे फंक्शन) लिहून जोडली, तर कोणतीही ओळ निवडली तरी शेवटची फाइल उघडते, कारण लॅम्डा चल घटकाची किंमत चालण्याच्या वेळी पाहते. यावर जो उपाय सगळीकडे सुचवला जातो, म्हणजे लॅम्डाला मूळ किंमत असलेला घटक देणे, तो येथे वर सांगितलेल्या ट्रिगर्डच्या खरे-खोट्यामुळे पुन्हा फसतो: पत्त्याच्या जागी "खोटे" येऊन बसते. म्हणून पत्ता ॲक्शनच्या सेटडेटामध्ये ठेवा आणि मेनूच्या स्वतःच्या ट्रिगर्ड सिग्नलला एकच फंक्शन जोडा; तो सिग्नल निवडलेली ॲक्शनच हातात देतो.

१०. खिडकीची मांडणी लक्षात ठेवणे

खिडकीचा आकार आणि जागा यांसाठी सेव्हजिओमेट्री आणि रिस्टोअरजिओमेट्री, तर टूलबार आणि बाजूच्या पट्ट्या यांसाठी सेव्हस्टेट आणि रिस्टोअरस्टेट अशी जोडी आहे. रुंदी, उंची वेगळी साठवण्याच्या फंदात पडू नका. रिस्टोअरजिओमेट्री खिडकी पडद्याबाहेर जात असेल तर तिला आत आणते, हे काम हाताने करणे किचकट आहे. रिस्टोअरस्टेट सगळे टूलबार बनवून झाल्यावरच वापरा, आणि प्रत्येक टूलबारला सेटऑब्जेक्टनेमने नाव द्या. नाव नसेल तर क्यूट त्याला ओळखू शकत नाही आणि टर्मिनलवर तशी सूचना देतो.

या सोयीचाच एक त्रास आहे. टूलबारवर उजवी क्लिक केली की तो लपवण्याचा एक छोटा मेनू क्यूट आपोआप दाखवतो. वाचनालयातील एका आजोबांकडून अशीच चुकून क्लिक झाली, टूलबार लपला, प्रोग्राम बंद करताना ती स्थिती इमानेइतबारे साठवली गेली, आणि पुढचे काही दिवस "बटणे चोरीला गेली" अशी तक्रार चालू होती. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करणे हा सर्वांचा हुकमी उपाय येथे निरुपयोगी ठरतो. म्हणून टूलबारची टॉगलव्ह्यूॲक्शन (तो दाखवण्या-लपवण्याची तयार ॲक्शन) दृश्य मेनूत ठेवा, आणि त्याच मेनूत "मूळ मांडणी" अशी एक ॲक्शन द्या.

"मूळ मांडणी"मध्ये नुसते सेटिंग्ज पुसून भागत नाही. चालू खिडकीची मांडणी अजून बिघडलेलीच असते, आणि बंद होताना प्रोग्राम तीच पुन्हा लिहून ठेवतो. त्यासाठी सुरुवातीला, जुनी मांडणी लावण्यापूर्वी, सेव्हस्टेटचे उत्तर एका चल घटकात धरून ठेवा आणि "मूळ मांडणी" निवडल्यावर तेच परत लावा.

११. केव्हा लिहायचे

बहुतेक धडे सगळ्या सेटिंग्ज क्लोजइव्हेंटमध्ये, म्हणजे खिडकी बंद होताना क्यूट ज्याला हाक मारतो त्या फंक्शनमध्ये, लिहायला सांगतात. खिडकीच्या मांडणीसाठी ते ठीक आहे. बाकीच्या आवडी बदलल्या त्याच क्षणी लिहा. वीज गेली आणि यूपीएस नसेल तर क्लोजइव्हेंट येतच नाही, आणि आमच्याकडील पुष्कळ संस्थांच्या यूपीएसची बॅटरी केवळ शोभेपुरती उरलेली असते.

क्लोजइव्हेंटमध्ये क्रम महत्त्वाचा आहे. आधी जतन न केलेले बदल आहेत का ते पाहा आणि असल्यास जतन करा, सोडून द्या, रद्द करा असे तीन पर्याय विचारा. "रद्द करा" निवडले तर इव्हेंटवर इग्नोर वापरून तेथूनच परत फिरा. "जतन करा" निवडले आणि जतन करताना अडचण आली, तरीही परत फिरा. ही अट विसरली तर डिस्क भरलेल्या दिवशी नोंदी जातात. हे सर्व पार पडल्यावरच मांडणी लिहा. "बाहेर पडा" ही ॲक्शन खिडकीच्या क्लोज या फंक्शनला जोडा, म्हणजे मेनूतून बाहेर पडणारा आणि कोपऱ्यातील फुलीवर क्लिक करणारा असे दोघेही याच प्रश्नातून जातील.

एकाच विंडोज खात्यावर अनेक जण बसत असतील, तर क्यूसेटिंग्जच्या दृष्टीने ते सगळे एकच वापरकर्ता आहेत. प्रोग्राममध्ये कार्यकर्त्याचे नाव निवडण्याची सोय करून बिगिनग्रुपने त्याच्या नावाचा वेगळा गट केला की काकूंची अक्षरे काकूंपाशी राहतात. गटाचे नाव म्हणून कार्यकर्त्याचा क्रमांक वापरा. नावाच्या शुद्धलेखनावर सेटिंग्ज अवलंबून ठेवू नयेत.

१२. देण्यापूर्वीची तपासणी

विंडोजवर एक नवे, रिकामे खाते तयार करून त्यात प्रोग्राम चालवा, कारण तुमच्या स्वतःच्या खात्यात जुन्या सेटिंग्ज इतक्या साठलेल्या असतात की मूळ किंमती बरोबर आहेत की नाहीत हे कळत नाही. मग पुढील गोष्टी क्रमाने करून पाहा: एकच फाइल उघडून बंद करा आणि अलीकडील फायलींचा मेनू पाहा, टूलबार लपवा, बाहेर पडा, परत या आणि तो मेनूतून परत आणा, अक्षरे मोठी करून प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून बंद पाडा आणि पुन्हा सुरू केल्यावर अक्षरे मोठीच आहेत का ते पाहा, मराठी कीबोर्डवर सर्व शॉर्टकट चालवा, माऊस काढून ठेवून एक संपूर्ण देवघेव कीबोर्डवर करा. आयएनआय फाइल वापरत असाल तर तिच्यात मुद्दाम वेडेवाकडे काहीतरी लिहा, अक्षरांच्या आकाराच्या जागी एखादा शब्द घाला, आणि प्रोग्राम मूळ किंमत घेऊन सुरू होतो का तेही पाहून घ्या.